वन्यजीव वृक्षांचे जतन आणि लाकूड उद्योग (ब्रिटिश कोलंबिया)

वन्यजीव वृक्ष ही कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील ब्रिटिश कोलंबिया या प्रांताच्या वनव्यवस्थापनातील एक संज्ञा आहे. ज्या उभ्या झाडाचा, मग ते जिवंत असो वा वठलेले, वन्य प्राण्यांना व पक्ष्यांना घरट्यासाठी, आश्रयासाठी किंवा अन्नासाठी विशेष उपयोग होतो, त्या झाडास वन्यजीव वृक्ष असे म्हणतात. इमारती लाकडासाठी जंगल तोडताना अशी झाडे अथवा अशा झाडांचे समूह ठरावीक प्रमाणात न तोडता राखून ठेवणे या प्रांतात कायद्याने बंधनकारक आहे.

राखलेले प्रत्येक झाड हे आरागिरणीपर्यंत न पोहोचलेले लाकूड असते. त्यामुळे किती झाडे राखावीत, कोणती राखावीत आणि किती काळ राखावीत, यावर शासन, लाकूड उद्योग, मूलनिवासी समुदाय आणि पर्यावरणवादी संघटना यांच्यात गेली तीन दशके वाद चालू आहे. २०२० नंतर प्राचीन जंगलांच्या प्रश्नामुळे आणि लाकूड उद्योगावरील आर्थिक संकटामुळे हा वाद अधिक तीव्र झाला आहे.

संकल्पना

झाड वठले म्हणजे त्याचे जंगलातील काम संपले, असे नसते. खोडात बुरशी शिरते, गाभा मऊ होतो, फांद्या गळतात, साल सुटते आणि पुढे अनेक दशकांनी खोड कोसळते. यातील प्रत्येक टप्प्यावर वेगवेगळे जीव त्या झाडाचा वापर करतात. ब्रिटिश कोलंबियात सूचिपर्णी झाडांच्या या प्रवासाचे नऊ वर्ग मानले जातात. पहिल्या वर्गात निरोगी जिवंत झाड येते, तर शेवटच्या वर्गात कुजून कोसळलेले खोड येते.

लाकूड व्यापाराच्या दृष्टीने चांगले झाड आणि वन्यजीवांच्या दृष्टीने चांगले झाड यांचे निकष परस्परविरोधी आहेत. आरागिरणीला सरळ, गाठी नसलेले व आतून भरीव खोड हवे असते. ढोलीत राहणाऱ्या प्राण्याला आतून पोकळ झालेले, पण बाहेरून मजबूत असलेले जाड खोड लागते. वरकरणी पाहता त्यामुळे संघर्षाचे कारणच उरत नाही. उद्योगाने सरळ झाडे न्यावीत आणि पोकळ झाडे सोडून द्यावीत, एवढे पुरेसे वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण आजचे पोकळ झाड कधीतरी पडणारच असते. त्याची जागा घेण्यासाठी आज निरोगी असलेली मोठी झाडेही राखावी लागतात आणि बाजारात नेमकी त्यांनाच किंमत असते.

परिसंस्थेतील स्थान

ब्रिटिश कोलंबियातील सत्तरहून अधिक पृष्ठवंशीय प्रजाती वन्यजीव वृक्षांचा वापर करतात. यांत सुतार पक्षी केंद्रस्थानी आहेत. ते स्वतः खोड कोरून घरटे करतात आणि बहुधा दरवर्षी नवे कोरतात. त्यांनी सोडलेल्या ढोल्यांमध्ये घुबडे, काही जातींची बदके, खारी आणि वटवाघळे राहतात. या प्राण्यांना स्वतः खोड कोरता येत नाही. त्यामुळे सुतार पक्ष्याला योग्य झाड मिळाले नाही, तर त्याच्यामागून येणारी ही सारी साखळी अडचणीत येते.

या प्रांताच्या अंतर्भागातील जंगलांत झालेल्या एका दीर्घकालीन अभ्यासात उपलब्ध झाडांपैकी ॲस्पेन या पानझडी वृक्षाचे प्रमाण सुमारे १५ टक्केच होते. ढोलीतील घरट्यांपैकी सुमारे ९५ टक्के घरटी मात्र याच झाडांत आढळली. लाकूड उद्योगाची मुख्य मदार पाइन, स्प्रूस, डग्लस फर अशा सूचिपर्णी वृक्षांवर असते. म्हणजे योग्य झाड नेमके ओळखले, तर तुलनेने थोडे लाकूड सोडूनही मोठा लाभ साधता येतो. चुकीची झाडे राखली, तर बरेच लाकूड सोडूनही लाभ होत नाही.

काही प्रजातींची गरज अधिक काटेकोर असते. पाणमांजराच्या कुळातील फिशर हा सस्तन प्राणी फक्त मोठ्या झाडांच्या ढोलीत पिल्लांना जन्म देतो. किनारी भागातील काळी अस्वले प्राचीन वृक्षांच्या पोकळ बुंध्यांत शीतनिद्रा घेतात. मार्बल्ड मरलेट हा समुद्रपक्षी किनाऱ्यापासून आत येऊन प्राचीन झाडांच्या शेवाळलेल्या जाड फांद्यांवर अंडी घालतो. अशी झाडे तयार होण्यास शतके लागतात. साठ ते शंभर वर्षांच्या फेऱ्याने तोडल्या जाणाऱ्या जंगलात ती पुन्हा निर्माण होत नाहीत.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या बऱ्याच काळात उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातील वनशास्त्र वठलेल्या झाडांकडे अडगळ म्हणून पाहत असे. अशी झाडे आगीला व किडीला आमंत्रण देतात आणि कामगारांच्या जिवाला धोका ठरतात, या कारणांनी ती पाडली जात. जंगलाची सरसकट तोड करून त्या जागी एकाच वयाची रोपे लावणे, हीच प्रचलित पद्धत होती.

या दृष्टिकोनात १९८० च्या दशकात बदल झाला. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात १९८० मध्ये माउंट सेंट हेलेन्स या ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्यानंतर तेथील जीवसृष्टी कशी सावरते, याचा अभ्यास करताना शास्त्रज्ञांना असे दिसले, की उद्रेकातून उरलेली खोडे, मुळे व झाडे यांच्या आधाराने जंगल अपेक्षेपेक्षा लवकर सावरते. नैसर्गिक आपत्ती मागे बरेच काही शिल्लक ठेवते, सरसकट तोड मात्र जवळजवळ काहीच ठेवत नाही. यातूनच तोडीच्या वेळी जुन्या जंगलाचा काही अंश जाणीवपूर्वक मागे ठेवण्याचा विचार पुढे आला.

ब्रिटिश कोलंबियात या विचाराला राजकीय बळ मिळाले ते व्हँकूव्हर बेटावरील क्लेओक्वॉट साउंड येथील आंदोलनामुळे. १९९३ च्या उन्हाळ्यात तेथील प्राचीन जंगलाच्या तोडीविरुद्ध रस्ते अडवणाऱ्या ८०० हून अधिक लोकांना अटक झाली. त्यानंतर शासनाने नेमलेल्या वैज्ञानिक समितीने १९९५ मध्ये सरसकट तोडीऐवजी परिस्थितीनुसार कमी-अधिक झाडे राखण्याची पद्धत सुचवली. विशेष मूल्य नसलेल्या क्षेत्रातही किमान १५ टक्के जंगल राखावे, अशी तिची शिफारस होती. याच वर्षी प्रांताची पहिली सर्वंकष वनकार्यपद्धती संहिता अमलात आली. १९९८ मध्ये मॅकमिलन ब्लोडेल या तेव्हाच्या बलाढ्य कंपनीने प्राचीन जंगलांतील सरसकट तोड टप्प्याटप्प्याने थांबवण्याची घोषणा केली.

कायदेशीर तरतुदी

या प्रांतातील सुमारे ९५ टक्के जमीन सार्वजनिक मालकीची आहे. कंपन्यांना जमिनीची मालकी मिळत नाही. त्यांना तोडीचे हक्क दिले जातात आणि तोडलेल्या लाकडावर त्या शासनाला शुल्क देतात. त्यामुळे कोणती झाडे राखायची, हा प्रश्न मुळात सार्वजनिक संपत्तीच्या वापराचा आहे.

वन व कुरण कार्यपद्धती अधिनियम २००२ मध्ये संमत झाला आणि २००४ पासून लागू झाला. त्याखालील नियमांनुसार तोडीचा हक्क असलेल्या कंपनीने बारा महिन्यांत तोडलेल्या सर्व कूपांच्या एकूण क्षेत्राच्या किमान ७ टक्के इतके क्षेत्र वन्यजीव वृक्षांसाठी राखावे लागते. कूप म्हणजे एका वेळी तोडीसाठी आखलेले जंगलाचे क्षेत्र. प्रत्येक कूपासाठी स्वतंत्र किमान मर्यादा ३.५ टक्के आहे.

उदाहरणार्थ, एखाद्या कंपनीने वर्षभरात प्रत्येकी ४० हेक्टरचे दहा कूप तोडले, तर एकूण ४०० हेक्टरपोटी २८ हेक्टर राखावे लागतील. एखाद्या कूपापोटी फक्त १.४ हेक्टर राखून उरलेली भरपाई इतर कूपांत करता येते. ही लवचीकता हेतुपुरस्सर ठेवलेली आहे, कारण मौल्यवान झाडे जंगलात समप्रमाणात विखुरलेली नसतात.

राखलेल्या क्षेत्रातील झाडे कायमची सुरक्षित होतात, असे मात्र नाही. शेजारच्या तोडलेल्या क्षेत्रात लावलेले जंगल परिपक्व अवस्थेची वैशिष्ट्ये धारण करीपर्यंत ती तोडता येत नाहीत. त्यानंतर तोडण्यास नियमांची आडकाठी नाही.

या नियमांतील एक वाक्यांश विशेष वादग्रस्त ठरला. वन्यजीव वृक्ष राखणे हे शासनाचे उद्दिष्ट असल्याचे नियमांत म्हटले होते. पण लाकडाच्या पुरवठ्यात अवाजवी घट न होऊ देता ते साधावे, अशी अटही त्याला जोडलेली होती. हीच अट पाणी, मृदा व जैवविविधता यांच्या उद्दिष्टांनाही होती. यामुळे प्रत्येक संघर्षात लाकडाच्या पारड्यात आधीच वजन टाकलेले असते, असा टीकाकारांचा आक्षेप होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रांतिक शासनाने ही अट वगळण्याची घोषणा केली.

उद्योगाची बाजू

लाकूड उद्योगाचा युक्तिवाद केवळ नफ्यापुरता मर्यादित नाही. प्रांतातील अनेक लहान शहरांची अर्थव्यवस्था एखाद्या आरागिरणीवर किंवा कागदाच्या लगद्याच्या कारखान्यावर उभी आहे. गिरणी बंद पडली, की नोकऱ्यांबरोबर शाळा, दुकाने व नगरपालिकेचे उत्पन्नही घटते.

वार्षिक तोडीची कमाल मर्यादा प्रांताचे मुख्य वनाधिकारी प्रत्येक व्यवस्थापन क्षेत्रासाठी साधारणतः दहा वर्षांतून एकदा ठरवतात. राखलेली क्षेत्रे वजा करूनच ही मर्यादा काढली जाते. त्यामुळे आज राखलेला प्रत्येक टक्का पुढील अनेक वर्षांच्या पुरवठ्यातून कमी होतो. शिवाय कूपात ठिकठिकाणी झाडे सोडल्यास यंत्रांच्या हालचालींना अडथळा येतो आणि प्रतिघनमीटर खर्च वाढतो. राखलेल्या झाडांच्या सावलीत रोपांची वाढही मंदावू शकते.

गेल्या काही दशकांत उद्योगावर इतर संकटेही कोसळली. १९९० च्या दशकापासून पसरलेल्या माउंटन पाइन बीटल या भुंग्याच्या साथीने सुमारे १.८ कोटी हेक्टर जंगल बाधित केले आणि विक्रीयोग्य पाइन लाकडापैकी निम्म्याहून अधिक झाडे मेली. मेलेले लाकूड निरुपयोगी होण्याआधी काढून घेण्यासाठी तोडीची मर्यादा वाढवण्यात आली. ही तात्पुरती वाढ संपल्यावर पुरवठा झपाट्याने आटला. त्यातच अमेरिकेने कॅनडाच्या लाकडावर २०१७ पासून पुन्हा आयातशुल्क लावले. २०२५ मध्ये ते बहुतेक निर्यातदारांसाठी सुमारे ३५ टक्क्यांवर गेले आणि ऑक्टोबरपासून त्यावर आणखी १० टक्के कर बसला. अशा स्थितीत राखीव क्षेत्र वाढवण्याची मागणी उद्योगाला अस्तित्वावरील आघात वाटते.

कामगारांची सुरक्षा

वठलेले किंवा पोकळ झाड वन्यजीवांना जितके उपयुक्त, तितकेच त्याखाली काम करणाऱ्या माणसाला धोकादायक असते. सुटलेली फांदी किंवा अचानक मोडणारा शेंडा प्राणघातक ठरू शकतो. कामगार सुरक्षा नियमांनुसार कामाच्या जागेवर कोसळू शकणारे धोकादायक झाड काम सुरू होण्यापूर्वी पाडावे लागते, किंवा त्याच्याभोवती कामास मनाई असलेले क्षेत्र आखावे लागते.

पूर्वी पाडून टाकणे हाच सोपा मार्ग समजला जाई. आता प्रशिक्षित परीक्षक झाडाची मुळे, खोडातील कूज, कल आणि करावयाच्या कामाचे स्वरूप पाहून निर्णय देतात. यामुळे काही वठलेली झाडे वाचतात. तथापि, एकाकी वठलेले झाड वाचवणे अजूनही अवघड आहे. म्हणूनच अशा झाडाला मध्ये ठेवून भोवतीच्या जिवंत झाडांसह संपूर्ण समूह राखण्याची पद्धत रूढ झाली. समूहात यंत्रे शिरत नाहीत, कामगार सुरक्षित राहतात आणि वाऱ्याने झाडे उन्मळून पडण्याचे प्रमाणही घटते.

परिणामकारकता

झाडे राखण्याच्या परिणामांविषयीच्या ७८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. सरसकट तोडीच्या तुलनेत काही झाडे राखलेल्या क्षेत्रांत वनावलंबी प्रजाती अधिक टिकतात आणि राखलेले प्रमाण वाढेल तसा हा लाभही वाढतो, असा त्याचा निष्कर्ष होता. मात्र घनदाट जंगलाच्या अंतर्भागात राहणाऱ्या प्रजातींना अशी क्षेत्रे अखंड जंगलाची जागा घेऊ शकत नाहीत, हेही त्यातून स्पष्ट झाले.

किती जंगल राखावे, याबाबत वेगवेगळ्या तज्ज्ञ यंत्रणांचे आकडे निरनिराळे आहेत. प्रांतिक नियमात किमान ७ टक्के आहे. क्लेओक्वॉट समितीने किमान १५ टक्के सुचवले होते. अमेरिकेच्या १९९४ च्या वायव्य वन योजनेतही तोडीयोग्य संघीय जंगलांसाठी १५ टक्क्यांचाच निकष होता. भुंग्याच्या साथीतील तोडीबाबत ब्रिटिश कोलंबियाच्या मुख्य वनाधिकाऱ्यांनी २००५ मध्ये जे मार्गदर्शन केले, त्यात हजार हेक्टरांहून मोठ्या तोडक्षेत्रांत २५ टक्क्यांहून अधिक जंगल राखावे असे म्हटले होते. ते बंधनकारक नव्हते.

आकड्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न राखलेल्या क्षेत्राच्या जागेचा आहे. नदीकाठचे संरक्षित पट्टे आणि वन्यजीव वृक्षांची क्षेत्रे एकमेकांवर येऊ शकतात. दलदल, कडे, तीव्र उतार अशा जागांवरील झाडे राखूनही टक्केवारी पूर्ण होऊ शकते. अशा जागांचे पर्यावरणीय मूल्य असतेच. पण तेथील लाकूड एरवीही तोडले जाण्याची शक्यता कमी असते. परिणामी उद्योगाचा त्याग कागदावर दिसतो त्याहून कमी असतो आणि सपाट, सुपीक जमिनीवरील मोठ्या झाडांना संरक्षण मिळत नाही.

याचे दुसरे टोक म्हणजे एकटे राखलेले झाड. व्हँकूव्हर बेटावरील पोर्ट रेनफ्रू गावाजवळ २०१२ च्या सुमारास झालेल्या तोडीत सुमारे ६६ मीटर उंचीचा एक प्राचीन डग्लस फर वृक्ष सोडण्यात आला. कूपाची आखणी करणाऱ्या एका वनकर्मचाऱ्याने न तोडण्याची खूण असलेली फीत त्यावर बांधली होती. बिग लोनली डग या नावाने हा वृक्ष पुढे प्रसिद्ध झाला. भोवतालच्या उजाड जमिनीत उभ्या असलेल्या या वृक्षाला काही जण संवर्धनाचे प्रतीक मानतात, तर काही जण संवर्धनाच्या मर्यादेचे.

अलीकडील घडामोडी

प्रांताने नेमलेल्या दोन वनतज्ज्ञांच्या समितीने २०२० मध्ये प्राचीन जंगलांविषयी १४ शिफारशी केल्या. लाकडाला केंद्रस्थानी ठेवून उरलेल्या जागेत जैवविविधता बसवण्याऐवजी परिसंस्थेच्या आरोग्याला प्राधान्य द्यावे, हा त्यांचा गाभा होता. त्याच काळात व्हँकूव्हर बेटावरील फेअरी क्रीक येथे तोडीविरुद्ध आंदोलन उभे राहिले. त्यात १,१०० हून अधिक जणांना अटक झाली.

या आंदोलनाने एक वेगळा पैलूही पुढे आणला. ज्यांच्या पारंपरिक भूमीत फेअरी क्रीक आहे, त्या पाचीदात समुदायाचे लाकूड उद्योगात आर्थिक हितसंबंध आहेत. समुदायाच्या निर्वाचित नेतृत्वाने बाहेरच्या आंदोलकांना निघून जाण्यास सांगितले. जून २०२१ मध्ये शेजारच्या दोन समुदायांसह त्यांनी काही क्षेत्रातील तोड दोन वर्षे थांबवण्याची मागणी केली आणि शासनाने ती मान्य केली. आपल्या भूमीतील जंगलाविषयीचा निर्णय आपणच घेणार, ही त्यामागील भूमिका होती.

नोव्हेंबर २०२१ मध्ये शासनाने सर्वाधिक धोक्यात असलेल्या २६ लाख हेक्टर प्राचीन जंगलातील तोड तात्पुरती स्थगित करण्याचा प्रस्ताव मांडला. त्यामुळे सुमारे ४,५०० नोकऱ्या जातील, असा शासनाचा अंदाज होता. उद्योगाच्या संघटनेने हा आकडा सुमारे १८,००० असल्याचे म्हटले. २०२२ मध्ये संघीय शासनाने पायलिएटेड वुडपेकर या मोठ्या सुतार पक्ष्याच्या घरट्याच्या ढोल्यांना वर्षभर संरक्षण दिले. ढोली रिकामी असल्याची नोंद झाल्यानंतरही ३६ महिने ती नष्ट करता येत नाही.

दुसरीकडे २०२५ मध्ये प्रांतिक शासनाने वार्षिक तोड ४.५ कोटी घनमीटरपर्यंत नेण्याचे लक्ष्य ठेवले. प्रत्यक्ष तोड तेव्हा त्याहून बरीच कमी होती. परिसंस्थेला प्राधान्य आणि तोडीत वाढ ही दोन्ही उद्दिष्टे एकाच वेळी कशी साधणार, हा सध्याच्या चर्चेचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

भारतातील संदर्भ

ढोलीवर अवलंबून असलेल्या पक्ष्यांचा प्रश्न महाराष्ट्रातही आहे. नामशेष मानला गेलेला वनपिंगळा १९९७ मध्ये सातपुड्यात, आताच्या नंदुरबार जिल्ह्याच्या परिसरात पुन्हा आढळला. तो झाडांच्या ढोलीत घरटे करतो आणि त्याचा अधिवास मुख्यत्वे सागाच्या पानझडी जंगलांत आहे. व्यापारीदृष्ट्या महाराष्ट्रातील सर्वांत महत्त्वाचे इमारती लाकूडही सागच आहे. येथे मृत झाडांवरील ताण मात्र केवळ लाकूड व्यापारातून येत नाही. वाळलेले लाकूड हे जंगलालगतच्या गावांचे सरपण आहे. त्यामुळे ब्रिटिश कोलंबियातील टक्केवारी जशीच्या तशी येथे लागू करता येणार नाही. तेथे भार प्रामुख्याने कंपन्यांवर पडतो, येथे तो सर्वांत गरीब कुटुंबांवर पडू शकतो.

मूल्यमापन

ब्रिटिश कोलंबियाच्या अनुभवातून असे दिसते, की टक्केवारी हा समतोलाचा केवळ आरंभ आहे. ७ टक्के क्षेत्र दलदलीच्या कडेला राखले आणि तेवढेच क्षेत्र ॲस्पेनच्या जुन्या समूहांभोवती राखले, तर कायद्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच ठरतात. सुतार पक्ष्याच्या दृष्टीने ते सारखे नसतात. त्याचप्रमाणे झाडाला ढोली धरण्यास शंभर ते दोनशे वर्षे लागत असतील, तर एका फेऱ्यापुरते दिलेले संरक्षण अपुरे पडते.

उद्योगाच्या दृष्टीनेही अनिश्चितता हाच मोठा तोटा आहे. कोणते क्षेत्र कायमचे राखीव आणि कोणते तोडीस खुले, हे आधीच निश्चित झाले, तर गिरण्यांना लहान व्यासाच्या लाकडाकडे व दुय्यम उत्पादनांकडे वळण्यास वेळ मिळतो. दर काही वर्षांनी येणाऱ्या तात्पुरत्या स्थगितीमुळे जंगलालाही कायम संरक्षण मिळत नाही आणि कामगारालाही कायम रोजगाराची हमी मिळत नाही. झाडे निवडण्यातील काटेकोरपणा, संरक्षणाचा पुरेसा कालावधी आणि त्यामुळे होणाऱ्या नुकसानीची न्याय्य वाटणी या तीन गोष्टींवर या धोरणाचे यश अवलंबून आहे.